जावयाने केलेला रिमिक्स

जेवताना फोन बघायचा नाही हा नियम आमच्या घरात ह्यांनीच केला होता, लेक शाळेत असताना. मोडलाही ह्यांनीच. ताट समोर आलं की कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, फोन पाण्याच्या जगला टेकून उभा राहायचा आणि वाचन सुरू व्हायचं. "ऐक हे," असं म्हणून ते वाचायचे, की जुन्या गाण्यांचा गळा दाबून त्यांना वर नवा शर्ट चढवलाय. मग एक घास. मग पुढचं मत.

ही सगळी मतं ह्यांच्याच बँडबद्दल होती. 'फुटका भोंगा' असं नाव असलेल्या बँडकडून लोकांनी कसली अपेक्षा ठेवावी, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, पण लोक ठेवायचे. गाणारा एक, गिटारवाला एक, त्याला सगळे लंबू म्हणायचे, बेस वाजवणारा एक मुखदुर्बळ माणूस आणि ड्रमवर आमचे हे. त्यांच्या एकाच रेकॉर्डवर आमच्या वयाची निम्मी पोरं बिघडली. मग लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, भोंगा बंद पडला. ह्यांनी गाडी शिकवायचा क्लास काढला. ड्रम माळ्यावर गेले आणि त्यांच्यावर माझी जुनी चादर पडली.

मागच्या वर्षी एका कंपनीला त्या गाण्यांचा रिमिक्स काढायची हुक्की आली. रिमिक्स म्हणजे जुनी गाणी सुटी करून, गाणं वेगळं, गिटार वेगळी, ड्रम वेगळे करून, नव्या वाद्यांसकट पुन्हा जोडायची. आमच्या जावयाचा धंदाच तो. काम त्याला मिळालं तेव्हा ह्यांची छाती फुगली. शेजारी बसून क्लच दाबायला शिकणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की आपले जावई करतायत, आता काळजी नाही.

अल्बम आला आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. त्या दिवसापासून 'आपले जावई' संपले आणि घरात 'तुझा जावई' सुरू झालं.

काय काय बोलले लोक! एकाने लिहिलं, ह्या गाण्यांवर मी प्रेमात पडलो होतो, आता घटस्फोट घ्यावासा वाटतो. एका बाईंनी लिहिलं की हे ऐकून आमचं कुत्रं पलंगाखाली गेलं ते अजून बाहेर आलेलं नाही. खुद्द गाणाऱ्याने घरचा आहेर दिला की माझा आवाज कुणीतरी डब्यात भरून झाकण लावल्यासारखा येतो. आणि एक महाभाग तर असा, की मी ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही, पण भिकार आहे. ह्याला सगळ्यांत जास्त लोकांनी पसंती दिली होती.

आमचे हे त्याच जातीतले. त्यांनीही अल्बम ऐकला नव्हता. मी मूळ वाजवलंय, मला नक्कल ऐकायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. फुकटात मिळालेली प्रत टीव्हीवर पडून होती, तिचं प्लास्टिकही फोडलं नव्हतं.

बुधवारी दुपारी जावई माझ्या दुकानात आला. माझं कपडे ऑल्टर करायचं दुकान आहे. कुणाचा कोट सैल करायचा, कुणाची पँट आखूड करायची, वजन वाढलेल्यांवर माझं घर चालतं. तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला आणि माझा खडू घेऊन बोटं पांढरी करत राहिला. दाढी वाढली होती. पुढच्या अल्बमचं कामही हातातून गेलं, एवढं सांगून पुन्हा खडू चोळायला लागला. मी मशीन थांबवलं नाही, कारण थांबवलं की माणसं सावरून बसतात आणि खरं बोलत नाहीत.

मग त्याने सांगितलं. लोकांचा सगळ्यांत जास्त राग होता तो ठोक्यावर. ठोका कधी रेंगाळतो, कधी धावत सुटतो, नव्या वाद्यांशी त्याचं जमत नाही, असं जो तो लिहीत होता. रिमिक्समध्ये ठोका नवा, यंत्राचाच असतो, असं सगळे धरून चालले होते. तो यंत्राचा नव्हता. तो ह्यांचा होता.

अशा कामात जुने ड्रम एक तर काढून टाकतात, नाही तर एकेक ठोका धरून यंत्राच्या मापावर सरळ बसवतात. जुन्या बँडमध्ये ड्रमवाला जरा रेंगाळला की बाकीचेही त्याच्याबरोबर रेंगाळायचे, तो धावला की धावायचे, त्यामुळे कुणाला काही खटकायचं नाही. यंत्र कुणासाठी थांबत नाही. म्हणून आधी ड्रम सरळ करावे लागतात, एका दुपारचं काम असतं, असं तो म्हणाला.

"मग केलं का नाहीस?"

"बसलो होतो, आई. पहिला ठोका माऊसने धरलाही. पण सरकवता येईना. बाबांचा हात धरून, असं नाही, असं वाजवा, म्हणून सांगतोय असं वाटायला लागलं. सासऱ्यांच्या ड्रमला हात कसा लावायचा?"

हात तर लावला नाहीच, वर त्याने ते सगळ्यांत पुढे आणले. मूळ रेकॉर्डमध्ये लंबूच्या गिटारीने एवढा धुमाकूळ घातला होता की मागे ड्रम वाजतायत का कुणी दार बडवतंय, ते कळायचं नाही. जावयाला वाटलं, आता तरी बाबा लोकांना नीट ऐकू येऊ देत. आले खरे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला म्हटलं, मूर्खा, मी रोज लोकांच्या वडिलांचे आणि आजोबांचे कोट उसवते, उसवल्याशिवाय काही मापात बसत नाही. तो म्हणाला, तुम्ही बाबांचा शर्ट उसवून बघा ना एकदा. ह्यावर मी सुईत दोरा ओवायला घेतला, कारण ह्यांना पोट सुटलंय हे ह्या घरात गेल्या कित्येक वर्षांत कुणी मोठ्याने म्हटलेलं नाही. शर्ट धुण्यात आटतात, असंच आम्ही धरून चालतो.

जाताना त्याने माझ्याकडून वचन घेतलं की बाबांना सांगायचं नाही. मला शिव्या पडल्या तर पडू देत, मला दुसरं काम मिळेल, असं तो म्हणाला. माणूस चांगला आहे. चांगुलपणाचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

रविवारी पेपरात एका समीक्षकाचा लेख आला. हा बडा माणूस, त्याने एखाद्याची पाठ थोपटली तर तिथे वळ उठतात. त्याने लिहिलं होतं, एका खोलीत दोन घड्याळं आणि दोन्ही चुकलेली. खाली लिहिलं होतं, रिमिक्स करणाऱ्याने हे ठोक्याचं यंत्र कुठून आणलं कोण जाणे, पण यंत्रालाही दारू पाजता येते हे मला आज कळलं.

ह्यांनी हे वाक्य तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तर उभं राहून, हातवारे करत. हसता हसता ठसका लागला, पाणी प्याले आणि वर स्वतःची भर घातली की ज्याने हा ठोका दिलाय त्याच्या हातात मी गाडीचं स्टिअरिंगही देणार नाही. मी भाजी वाढत होते. सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण गाडी शिकलेला माणूस लायसन हातात पडलं की ह्यांना विसरतो, रस्त्यात ओळखही देत नाही. भोंग्याचे ड्रमवाले ना तुम्ही, असं म्हणून कधीतरी एखादा टकल्या थांबवतो, तेव्हा ह्यांचा चेहरा बघावा. पुढचे आठ दिवस भाजीत मीठ जास्त झालं तरी चालतं. त्या चेहऱ्यावर बोळा फिरवायची माझी छाती झाली नाही.

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. रेडिओवाल्यांनी शनिवारी सकाळी ह्या अल्बमवर श्रोत्यांचा कार्यक्रम ठेवला होता. समीक्षक येणार, जावई येणार आणि मूळ बँडतर्फे आमचे हे. ह्यांनी बोलावणं आनंदाने घेतलं होतं. तिथे सगळ्यांसमोर सांगणार होते की ह्या प्रकाराशी आमचा संबंध नाही.

"बाबा तिथे ह्याला नावं ठेवणार असतील तर ठेवू देत," लेक म्हणाली. "मग मी त्या घरात पाय ठेवणार नाही. तुला भेटायला दुकानात येत जाईन."

ती आवाज चढवत नाही, म्हणूनच मला भीती वाटते. तिच्या आतेने एकदा तिच्या रंगावरून काहीतरी म्हटलं होतं, तर लग्नाच्या पत्रिकेपर्यंत त्या बाईशी ती बोलली नाही. हा हट्ट ह्यांच्याकडून आला असं मी सगळ्यांना सांगते. माझ्याकडून आलाय.

आठवडाभर मी ह्यांच्या मागे लागले की जायच्या आधी निदान एकदा ऐका. ऐकलं असतं तर ओळखलं असतं, मला वचनही मोडावं लागलं नसतं. ते म्हणाले, तुला जावयाचा पुळका आलाय.

शनिवारी आम्ही गेलो. मधोमध काचेची खोली, तिच्यात गोल टेबल आणि माइक. बाहेर पॅसेजमध्ये बाक, वर भिंतीला एक स्पीकर, त्याच्याखाली आवाज कमी-जास्त करायचं बटण. बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला लेक, पर्स मांडीवर घेऊन. आत चौघांच्या कानांवर हेडफोन होते. आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. शर्ट आटलेला होता.

निवेदिका गोड बोलत होती आणि दर थोड्या वेळाने फोन नंबर सांगत होती. फोनवरचे लोक मात्र गोड नव्हते. एका दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ते दवाखान्यात हा अल्बम लावतात, म्हणजे पेशंटला ड्रिल बरं वाटतं. एका बसचालकाने विचारलं की हे करणाऱ्याला शिक्षा काय होते. प्रत्येक फोनवर जावई मान हलवत होता, जणू निरोप लिहून घेतोय. आमचे हे टेबलावर बोटांनी ताल धरून हसत होते.

मग समीक्षक म्हणाला की आपण नुसतं बोलण्यापेक्षा गुन्ह्याची जागा पाहू. त्याने तिसरं गाणं लावायला सांगितलं. मधे एक जागा येते, सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता ड्रम पुन्हा सुरू होतो. स्पीकरमधून ती थांबलेली जागा आली आणि तिच्यात, ठोक्याच्या अगदी आधी, बारीक कुर्र झालं.

ती कुरकुर मी झोपेतही ओळखीन. लग्नानंतर एका खोलीत राहायचो तेव्हा हे मोठ्या ड्रमला उशी लावून त्याच्या पायाच्या पॅडलवर सराव करायचे. ठोका ऐकू यायचा नाही, पॅडलची कुरकुर तेवढी यायची. तेल घाला म्हटलं तर म्हणायचे, नको, पाय कुठे आहे ते तिच्यामुळे कळतं.

काचेपलीकडे ह्यांची बोटं टेबलावर थांबली. हसू तिथेच राहिलं, पण त्यात कुणी नव्हतं. त्यांना कळलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाला काय कळलं आणि काय नाही, ह्यात मी कधी चुकलेली नाही.

समीक्षकाने जावयाला विचारलं की हे कोणतं यंत्र. जावई म्हणाला, "चूक माझी आहे. ठोका असाच ठेवायचं मी ठरवलं." ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मग निवेदिका ह्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, मूळ ड्रमवादक म्हणून आणि सासरे म्हणूनही तुम्हाला काय वाटतं?

ह्यांनी हेडफोन काढले, बघितले आणि परत घातले. मी मनात म्हटलं, बोला आता.

"तालाचं अंग असावं लागतं," हे म्हणाले. "ते शिकवून येत नाही. ह्या मुलाला ते नाही."

जावयाने पुन्हा मान हलवली. लेक उठली, तिने पर्स खांद्याला लावली आणि जिन्याकडे चालायला लागली. एकदाही मागे वळली नाही. मी फोन काढून निवेदिकेने सांगितलेला नंबर फिरवला.

फोन घेणाऱ्या मुलीने विचारलं कोण बोलतंय. मी म्हटलं, कपडे ऑल्टर करते, जवळूनच बोलतेय. तिने जोडून दिलं. मी नमस्कार म्हटलं आणि माझाच नमस्कार भिंतीवरून केकाटत परत आला. निवेदिका म्हणाली, ताई, तुमचा रेडिओ बारीक करा. आता भिंतीवरचा स्पीकर मी कसा बारीक करणार, एका हाताने फोन धरलेला, दुसऱ्या हाताने दुसरा कान झाकलेला. जिन्याच्या तोंडाशी लेक थांबली होती. माझा आवाज तिला दोन्हीकडून ऐकू आला असणार. ती परत आली, तिने बटण फिरवून स्पीकर बंद केला आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

"ड्रमवाल्यांना एक विचारायचं होतं," मी म्हटलं. "त्या थांबलेल्या जागी पॅडल कुरकुरतं. यंत्राच्या पॅडलला तेल घालावं लागतं का?"

ह्यांनी मान वर केली. काचेतून आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कानाला लावलेल्या फोनकडे. निवेदिकेने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे बोलले.

"यंत्र नाही ते. मी आहे." मग घसा खाकरून म्हणाले, "मुलाने माझ्या ड्रमला हात लावला नाही. लावायला हवा होता."

समीक्षकाने चष्मा काढून पुसला. बड्या माणसांना वेळ हवा असला की ते चष्मा पुसतात. पुसून झाल्यावर म्हणाला की तसं असेल तर ह्या ठोक्यात एक माणूसपण आहे, हे मान्य करायला हवं. मागच्या रविवारी ज्याला दारू पाजली होती, त्याच्यात आता माणूसपण सापडलं. मी फोन बंद केला, नाही तर त्यालाही चार शब्द ऐकवले असते.

लोकांचं म्हणाल तर काहींनी लगेच टोपी फिरवली, आम्हाला आधीपासूनच वाटत होतं म्हणाले. बाकीच्यांनी ठरवलं की ही सासऱ्या-जावयाची मिलीभगत आहे, अल्बम खपवायची युक्ती. कुत्र्यावाल्या बाईंनी लिहिलं की ड्रम कुणीही वाजवलेले असोत, कुत्रं अजून पलंगाखालीच आहे. त्यातल्या त्यात मला त्याच प्रामाणिक वाटल्या.

घरी येताना गाडी मी चालवत होते, छपरावर क्लासचा बोर्ड, मागे लेक आणि जावई. शिकवायच्या गाडीला शेजारच्या माणसाच्या पायाशीही ब्रेक असतो. प्रत्येक सिग्नलला माझ्या आधी ह्यांनी ब्रेक दाबला. एरवी मी भांडले असते.

लेक घरात आली, चपला काढून नेहमीच्या कोपऱ्यात ठेवल्या, तेव्हा कुठे मला श्वास घेतल्यासारखं झालं. पानं घेतली. ह्यांनी जावयाला आधी वाढायला सांगितलं आणि जाता जाता विचारल्यासारखं विचारलं की ते ठोके सरळ करायला किती वेळ लागतो. जावई म्हणाला, एक दुपार. हे म्हणाले, मग मला एकदा करून दाखवा, मी शेजारी बसतो. दोघंही खाली बघून जेवत होते. फोन खिशातच होता. जगला टेकून काही उभं नव्हतं.

मला वाटलं, झालं, निभावलं. मी भाजीचं भांडं उचललं.

"तुला कधी कळलं?" ह्यांनी मला विचारलं.

"त्या बुधवारी. हा दुकानात आला होता."

"आणि ते यंत्राला दारू पाजल्याचं रविवारी आलं."

"हो."

"मी तीनदा वाचलं."

"हो."

"तू हसलीस," हे म्हणाले. "तिन्ही वेळा हसलीस."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला कसं उत्तर द्यायचं ते मला चांगलं येतं. लेकीने चमचा खाली ठेवला. मी काय सांगणार होते? तुमचं मन मोडू नये म्हणून हसले, असं सांगता आलं असतं, आणि पोरांसमोर ते शोभलंही असतं. पण ते खरं नव्हतं. वाक्य मजेशीर होतं. त्या रविवारी मला सगळं माहीत असूनही हसू आलं होतं, आणि आत्ता, ह्यांचा पडलेला चेहरा समोर असताना, ओठांच्या कोपऱ्यात ते पुन्हा येत होतं. मी तोंड फिरवलं आणि पाणी आणायला म्हणून उठले.

"बस," हे म्हणाले. "पाणी इथे आहे."